तीन नंबरला आवाज नव्हता

अण्णांच्या दोन्ही कानांत कायम कापूस असायचा. बसमध्ये कापूस, चहाच्या टपरीवर कापूस, पाणीपुरवठ्याच्या साहेबांपुढे उभे असतानाही कापूस. साहेब वैतागून म्हणायचे, "अहो, मी बोलतोय ते ऐकू तरी येतंय का?" त्यावर अण्णा जराही न हलता म्हणायचे, "येतंय की. जेवडं कामाचं हाय तेवडं येतंय." साहेबांचं तोंड मग पाहण्यासारखं व्हायचं.

कुणी दागिने जपतं, कुणी गुडघे जपतं, अण्णा कान जपायचे. त्यांच्या घरात कुकर नव्हता, कारण शिट्टी. लग्नाला ते बँडवाले यायच्या आत जाऊन, आहेर हातात टेकवून परत यायचे. मिरवणुकीचे दिवस आले की सरळ दुधनीच्या आपल्या घरी निघून जायचे. सोलापुरात मिरवणुका काही कमी नाहीत, त्यामुळे त्यांच्या निम्म्या सुट्ट्या तिथेच संपत.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, ते मी इथे लिहीत नाही. घरात कानडी, बाहेर मराठी, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, म्हणजे करडगी, अंगात पांढरा सदरा. उभं आयुष्य त्यांनी चावीवाला म्हणून काढलं. म्हणजे गल्लोगल्ली फिरून, रस्त्यातल्या व्हॉल्व्हला लांब लोखंडी चावी लावून पाणी सोडायचं आणि बंद करायचं. त्यातूनच जमिनीखालची गळती कानाने ओळखायला शिकले. निवृत्त झाल्यावर गळती शोधण्याचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराने त्यांना बोलावून घेतलं. मी त्याच ठेकेदाराकडे नोकरीला होते. माळशिरसहून आलेली, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, पहिलीच नोकरी. डोक्याला स्कार्फ, हातात फॉर्म लावलेली पाटी, आणि आपल्याला काही येत नाही हे आज नाहीतर उद्या सगळ्यांना कळणार याची सतत धास्ती.

अण्णांनाही मी घाबरायची. ते ओरडायचे म्हणून नव्हे, ते कधीच ओरडत नसत. ते ऐकायला लागले की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्याची मला भीती वाटायची.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन ते चार सोलापूर जे गप्प होतं, ते बाकीच्या गावांत मध्यरात्रीही होत नसेल. कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलीत पडून असतात. आमचं काम त्या वेळात. अण्णा आधी चपला काढायचे, भर उन्हात, तापलेल्या डांबरावर. मग कानातला कापूस काढून कागदाच्या पुडीत ठेवायचा. करडगी सदऱ्याच्या आत ढकलायची, कारण ती आपटली तर घोटाळा. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या खोळीतून गज बाहेर काढायचा. पाच फुटी पोलादी गज, वरच्या टोकाला पितळेची चकती. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, चकतीला कान लावायचा आणि म्हणायचं, "सुम्निर." म्हणजे कानडीत गप्प बस. हा शब्द ते खोदणाऱ्या गड्यांना, मला, रिक्षावाल्यांना आणि कोंबड्यांना एकाच सुरात ऐकवत.

पहिल्या दिवशी मला म्हणाले, "म्याडम, अंगठा कानात घाल. आता मूठ आवळ." मला ते म्याडम म्हणायचे आणि त्याच दमात एकेरीवर यायचे. मी मूठ आवळली. लांबून ट्रक येतोय अशी गुरगुर ऐकू आली. मी दचकून हात काढला.

"काय आहे हे?"

"तूच हायेस की ती. तुजं आंग वाजतंय. आदी सोताला वळख, मंग सोताला वजा कर, मंग पायपाचं ऐक."

मला पायपाचं ऐकू यायला दीड महिना लागला. गळती म्हणजे कढईत फोडणी पडल्यासारखी बारीक चर्र. लोखंडी पाइपात ती लांबवर जाते, प्लास्टिकच्या पाइपात जवळच मरते. मुरमातून वर येताना एक सूर, काळ्या चिकट मातीतून येताना दुसरा. अण्णा डोळे मिटून सांगायचे, "हितं चार फुटावर मुरूम हाय, त्याच्याखाली पायप हाय," आणि गडी खोदायला लागले की चार फुटांवर मुरूम असायचा.

एकदा पुण्याहून यंत्र आलं होतं. दोन व्हॉल्व्हवर दोन डबे बसवायचे, गळतीचा आवाज कुठल्या डब्याजवळ आधी पोचला ते यंत्र मोजणार आणि जागा सांगणार. बरोबर आलेल्या इंजिनिअरने यंत्रात 'लोखंडी पाइप' असं भरलं, यंत्राने जागा दाखवली, गड्यांनी तिथे पाच फूट खड्डा काढला. आत सगळं कोरडं ठाक. अण्णा कडेला बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "मदी पिलाश्टिकचा तुकडा हाय. आवाज लोखंडात पळतोय, पिलाश्टिकात चालतोय. कोन पळालं आन कोन चाललं हे त्या डब्याला कसं कळावं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्याच बसवलाय की तो तुकडा. लई वर्सं झाली."

"मग आधी का नाही बोललात?"

"इचारलं न्हाय कुनी," अण्णा म्हणाले.

ही त्यांची खोडच होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि खात्री नसेल तर विचारलं तरी बोलायचं नाही. आपलं हसं होईल याची त्यांना फार भीती. साहेब त्यांना अडाणी म्हणायचे, तोंडावर नाही, पण कापसातूनही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मला विचारायला मात्र ते लाजत नसत. एकदा टपरीवर बसलो होतो, डोक्यावर पत्रा तापून कडकड वाजत होता. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे पाहिलं. "म्याडम, त्यो एवडा पेटलाय. मंग त्येचा आवाज का येत न्हाय?"

मी शाळेत शिकले होते ते सांगितलं. सूर्यावर खदखद चाललेलीच असते, पण सूर्य आणि आपण यांच्यामध्ये हवा नाही, पाणी नाही, दगड नाही, काहीच नाही. आवाजाला अंग टेकायला काहीतरी लागतं. उजेडाला काही लागत नाही, तो रिकाम्यातूनही येतो.

"म्हंजे उजेड हितवर येतोय, आन आवाज तितंच ऱ्हातोय?"

"हो."

अण्णांनी चहा अर्धा ठेवला. पुढचे दोन दिवस ते कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गज पुसता पुसता म्हणाले, "बरं हाय मदी रिकामं हाय ते. न्हायतर जल्माला येतानाच समदी भैरी झाली असती." मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या डोक्यावर एवढं मोठं गप्प काहीतरी आहे हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर ते आभाळाकडे बघायचं टाळायला लागले.

शांततेला एवढं घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ऐकणं हेच ज्याचं काम, त्याला शांतता आवडेल असं आपल्याला वाटतं. अण्णांचं उलटं. "आवाज हाय तवर भ्यायाचं कारन न्हाय. गप झालं की भ्या," असं ते म्हणत. मी एकदा याचं कारण विचारलं. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

तरुणपणी ते दुधनीकडे विहिरींवर सुरुंग लावायच्या कामाला जायचे. ते आणि त्यांचा मेहुणा. खडकात चार भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवायच्या, वर चढून लांब पळायचं आणि बार मोजायचे. त्या दिवशी तीन बार वाजले. चौथा गप्प राहिला. अर्धा तास बसले, बिडी ओढली. मेहुणा म्हणाला, वात भिजली असंल, बघून येतो. "तो निम्म्यात उतरला आसंल," अण्णा म्हणाले, "मंग चौथा वाजला." एवढंच सांगितलं. चहाचे पैसे दिले आणि उठले.

हे सगळं मला माहीत होतं. आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयही मला नाही.

ती गल्ली यंत्रमागांच्या वस्तीतली होती. अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, टोकाला एका अक्काची मागांची शेड. तेलुगू घरातली बाई, नवऱ्यामागे आठ माग एकटी चालवायची. टॉवेल निघायचे तिथे. गल्लीत कित्येक महिने नळाला धार नव्हती, आलं तर गढूळ. तक्रारी होत्या म्हणून आम्हाला पाठवलं. त्या दुपारी पाण्याची पाळी होती, म्हणजे पाइपात दाब होता. अक्काला हात जोडून माग थांबवायला लावले. ती म्हणाली, "दहा मिनिटं म्हंजे दहाच हं. अकरावं लागलं की मी खटका दाबणार."

मी पिवळ्या रंगाने रस्त्यावर पाच आकडे टाकले, दहा-दहा पावलांवर. अण्णा अनवाणी उतरले. एक नंबरला बारीक आवाज. दोनला मोठा. तीनला त्यांनी गज टेकवला, कान लावला, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग चारला गेले, तिथे मोठा. पाचला बारीक. परत तीनला आले. गज वीतभर इकडे सरकवला, वीतभर तिकडे. दुसरा कान लावला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता.

"तीनला आवाज न्हाय," ते म्हणाले.

"म्हणजे तीन ठीक?"

ते गज पुसायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या परत ऐकू."

इतक्यात अक्काने खटका दाबला आणि आठही माग एकदम सुरू झाले. मी पाटीवर फॉर्म भरला. आमच्या धंद्याचा साधा नियम, आवाज असेल तिथे गळती, नसेल तिथे नाही. दोन नंबर, गळती आहे. चार नंबर, गळती आहे. तीन नंबर, गळती नाही. टिक करताना मला हायसं वाटलं, एक खड्डा वाचला म्हणून. उद्या खोदकामासाठी लाइन बंद राहणार, म्हणजे गल्लीला टँकर लागणार. दोनवर आणि चारवर खड्डे, मग टँकर उभा कुठे करायचा? शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, टँकर तीन नंबरवर उभा करावा. खाली सही केली. त्या दिवशी अण्णा कापूस न घालताच बसमध्ये चढले. ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि तरी मी घरी जाऊन जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दोन नंबरचा खड्डा पाइपापर्यंत पोचला. पाइप कोरडा. सांधा धड, भोवतालची माती भुसभुशीत. काल एवढा मोठा वाजलेला आवाज इथला नव्हताच, दुसरीकडून पाइपातून आलेला होता. एवढ्यात टँकर आला. मागे घेत घेत, पिवळ्या तीनवर मागची चाकं आणून उभा राहिला. हंडे, कळश्या, प्लास्टिकचे ड्रम घेऊन चौदा-पंधरा बायका भोवती जमल्या.

अण्णा बस थांब्याकडून चालत आले. लांबूनच म्हणाले, "त्याला तितं कुनी हुबा केला?"

"मी."

ते तडक दोन नंबरकडे गेले. गड्याला खड्ड्यात उतरवलं, हातात हातोडा दिला. "पायपावर हान. हळू. मी हात वर केला की हान." मग चार नंबरला जाऊन त्यांनी गजाला कान लावला, हात वर केला. गड्याने ठोका दिला. अण्णांनी मान हलवली, आला. मग तीन नंबरला आले, टँकरच्या मागच्या चाकाशेजारी बसले, हात वर केला. ठोका. परत हात. परत ठोका. अण्णा तसेच बसून राहिले. बायकांची बडबड चालूच होती.

त्यांनी मला जवळ बोलावलं. "म्याडम, तू शिकल्याली हायेस. ठोका पायपातनं चारपतुर जातोय. मंग हितं मदीच वर का येत न्हाय?"

टपरीवर पत्र्याखाली त्यांना सूर्याचं मीच सांगितलं होतं. "मधे काही नसेल तर," मी म्हणाले.

"व्हय. त्येचंच भ्या वाटतंय मला कालपासनं."

त्यांनी गड्याची पहार घेतली. डांबराच्या कडेला, टँकरपासून चार हातांवर, नुसती हाताने रेटली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पहार हातातून सुटून अख्खी आत गेली. खाली आपटल्याचा आवाज जरा उशिराने आला, आणि तो पाण्याचा होता.

अण्णा पालथे झोपले. मीही झोपले. मोबाइलचा टॉर्च लावून त्या भोकाशी धरला. काल जिथून आवाज वर आला नव्हता, तिथून उजेड सरळ खाली उतरला. वर वीतभर जाडीचं डांबर आणि खडी. त्याखाली काही नाही. दोन पुरुष खोल पोकळी, दोन्हीकडे अंधारात किती लांब गेलेली ते दिसत नव्हतं. मध्यावर आपला पाइप, आधाराशिवाय, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. त्याच्या सांध्यातून महिनोन्‌महिने फवारा उडून माती धुऊन गेली होती, आणि खालच्या जुन्या फुटक्या गटारीने ती वाहून नेली होती. तळाला काळं पाणी. त्या पाण्यावर आमच्या टॉर्चचा ठिपका पडला होता आणि तो थरथरत होता. मी माझा हात दुसऱ्या हाताने धरला. तरी ठिपका थरथरतच होता. तेव्हा कळलं, मागे अक्काचे माग चालू होते, त्यांच्या ठोक्याला ती जमीन हलत होती.

एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. हजारो लिटरचा भरलेला टँकर, पंधरा बायका, खाली वीतभर डांबर, आणि कागदावर माझी सही. मी ओरडायला तोंड उघडलं.

"सुम्निर," अण्णा पुटपुटले. "वरडलीस तर समद्या येकदम पळतील. तो डायवर इंजान चालू करंल. मंग संपलं."

पण न ओरडता बायका हलणार कशा? चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात टँकरची रांग सोडून जा म्हटलं तर कोण जाईल? खड्डा आहे म्हटलं असतं तर आधी सगळ्या बघायला जवळ आल्या असत्या. अण्णा उठले, सदऱ्याची धूळ झटकली आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "आवं, टाकीत पाल पडल्याय. फुगून वर आल्याय. आत्ताच बगितली म्या."

"आगं बया!" पहिलीने हात झटकला. दुसरीने भरलेला हंडा तिथेच ओतून दिला. एकीने पदर तोंडाला लावला, तिसरीने ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या, आणि मिनिटभरात सगळ्या आपापली भांडी उचलून पलीकडच्या ओट्यांवर गेल्या.

राहिला ड्रायव्हर. त्याला हे फार लागलं. "कौन बोला पाल? मेरी टाकीमें पाल? अब्बी उप्पर चढके दिखातूं सबको!" आणि तो शिडीवरून टँकरवर चढलासुद्धा.

"भाई, खाली ये. माजं ऐक," अण्णा म्हणाले. तो ऐकेना. वर उभा राहून झाकणाशी खटपट करत होता.

अण्णांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "जा, माग बंद कर. पळू नगं, चालत जा." आणि ते चाकाजवळ बसून परत गजाला कान लावते झाले. माती सुटायच्या आधी कुरकुरते, असं ते सांगायचे. ती कुरकुर ऐकण्यासाठी ते तिथे थांबले.

मी तीस पावलं चालत गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि आठ मागांच्या खडखडाटात बाकी सगळं बुडून गेलं. तिथे कुणी कुणाशी ओरडून बोलत नाही, ओठ वाचतात. मी अक्कासमोर उभी राहून म्हणाले, बंद करा. तिने भुवया उडवल्या, का? मी म्हणाले, माझी चूक झालीय, रस्ता पोकळ आहे, माणसं मरतील. माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. अक्काने माझ्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे, आणि वळून मेन स्विच ओढला.

माग थांबेपर्यंत काही क्षण जातात, चाकं आपल्या जोरावर फिरत राहतात. त्या क्षणांत मी दारातून बाहेर बघत होते. अण्णांनी कान गजालाच ठेवून डोळे वर केले. त्यांनी तोंड उघडलं, एवढं मोठं की दात दिसले. मी त्या माणसाला कधीच ओरडताना पाहिलं नव्हतं, आणि आताही नुसतं पाहतच होते, ऐकू काहीच येत नव्हतं. ड्रायव्हरने उडी टाकली. रस्त्यावरचा पिवळा तीनचा आकडा आत दुमडला. टँकरची मागची बाजू हळूच, अगदी हळूच खाली गेली. सगळं लख्ख उन्हात, स्पष्ट, आणि मुकं. मग टायर फुटला. तो मात्र मागांवरून ऐकू आला.

ड्रायव्हरचं गळपट्टीचं हाड मोडलं. टँकर मागच्या चाकांच्या आसापर्यंत आत जाऊन तिरका अडकला. बायकांपैकी कुणालाही ओरखडा नाही. मी पळत गेले तेव्हा अण्णा कडेला बसले होते. टायर त्यांच्यापासून दोन हातांवर फुटला होता आणि तेव्हा त्यांचा कान गजाला होता. लोखंडात आवाज हवेपेक्षा पंधरापट वेगाने पळतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. त्यांच्या कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली होती.

"अण्णा! अण्णा, लागलं का?"

बायका रडत होत्या, ड्रायव्हर विव्हळत होता, पाणी धो धो आत पडत होतं, सगळी गल्ली बोंबलत बाहेर आली होती. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग चौफेर बघितलं. आणि फार मोठ्या आवाजात, स्वतःला कळत नसलेल्या आवाजात म्हणाले, "म्याडम, किती गप झालं गं समदं."

चौकशी झाली. पाइप जुना होता, असं निघालं. पाइपदुरुस्तीचा कागद पुढे सरकला, माझा फॉर्म कुठल्या फायलीत गेला कुणास ठाऊक. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. साहेबांनी तर, वेळेवर माग बंद केल्याबद्दल, चार लोकांत माझं कौतुक केलं. त्या रात्रीपासून मला झोप लागेना. महिन्याभराने मी नोकरी सोडली. अण्णा कायमचे दुधनीला गेले होते. डाव्या कानाला काही नाही, उजव्याला कुणी अगदी ओरडलं तर थोडं, असं कळलं होतं. तिकडे जायला मला सहा महिने लागले. बसमध्ये मी वाक्यं पाठ करत गेले.

अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. कानात कापूस नव्हता. मला बघून तोंडभर हसले. सूनबाईंनी चहा आणून दिला आणि त्या उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या. मी बाजेच्या कडेला बसून, खाली बघत, हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, तीन नंबरला गळती नाही, असं मी लिहिलं होतं."

"आं?" त्यांनी कानामागे हात धरला.

"तीन नंबरवर टँकर उभा करा, असं मीच लिहिलं होतं."

"जोरात बोल की! ऐकाया येत न्हाय!"

सूनबाईंनी मान वर केली. शेजारच्या भिंतीवरून एका म्हाताऱ्याचं डोकं वर आलं. माझे कान तापले. असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात, मी त्या हळू सांगायच्या म्हणून पाठ केल्या होत्या. मी डोळे मिटले आणि घसा फाडून ओरडले, "माझ्यामुळं झालं! टिक मी केली! तुमचे कान माझ्यामुळं गेले!"

"म्हाईत हाय!" अण्णा त्याहून मोठ्याने ओरडले. "टिक करत हुतीस तवाच बगितलं म्या! तुज्या खांद्यावरनं!"

"मग बोलला का नाहीत?"

"भ्यालो! तितं आवाज न्हाय म्हनून मला भ्या वाटतंय, हे सांगायला भ्यालो! मानसं हसली असती! मेव्हण्याच्या टायमाला बी गप बसलो हुतो, तवा बी वाटलं हुतं, जाऊ नगं म्हनावं!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

भिंतीपलीकडे आता तीन-चार डोकी झाली होती. "काय भांडान हाय व्हय?" कुणीतरी विचारलं. सूनबाई उठून आल्या, माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "आत बसून बोला की ताई. समदा गाव ऐकतोय."

"काय म्हंती ती?" अण्णांनी विचारलं.

"सगळा गाव ऐकतोय म्हणतात!"

"ऐकू दे!" अण्णा म्हणाले. "तू सांग. पैल्यापासनं सांग. म्या बी सांगतो."

मी चहाची कपबशी खाली ठेवली, अंगणात उभी राहिले आणि पहिल्यापासून, ओरडून, सांगायला लागले.